मदत हवी आहे: पाचवीच्या मुलांना एकत्र करता येईल असं काही

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्हा परिषद शाळेत यंदा पाचवीत एक पूर्ण अंध मुलगी आली आहे. पोरं वाईट नाहीत, पण ‘बिचारी’ म्हणत तिचं दप्तरसुद्धा भरून देतात आणि खेळात मात्र कोणी घेत नाही. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन. भाषणं, डोळ्यांना पट्टी बांधून चालणं वगैरे नको. त्याने कीवच वाढते (माझं मत). मुलांच्या जोड्या लावून उठावाची वारली चित्रं करायचा विचार आहे. पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने सुतळी चिकटवली की चित्र बोटांनाही कळतं. त्रिकोणी माणसं जमली, तारपा नाचाचं वेटोळं मात्र सुटून येतं. सुतळीऐवजी काय वापरू? आणि निम्मं काम खरंच तिच्या हातात राहील अशी वाटणी कशी करू? दृष्टिहीन मुलांबरोबर काम केलेल्यांनी जरूर सांगा.