चहा सांडलेला लॅपटॉप, वॉरंटी आणि लॅमिंग्टन रोड

सावध_ग्राहक (धागाकर्ता): गेल्या आठवड्यात येथे एका सदस्याने असे लिहिले की, लॅपटॉपसोबत अपघाती नुकसानीचे संरक्षण विकत घेणे म्हणजे कंपनीला विनाकारण दिलेली दक्षिणा होय, कारण मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला कारागीर तेच काम पाव किमतीत करून देतो. हे वाचून राहवले नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे. मूळ वॉरंटी फक्त निर्मितीतील दोषांसाठी असते. सांडलेला चहा किंवा पडून तडकलेला स्क्रीन यांच्याशी तिचा काहीही संबंध नसतो. माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर ऐन परीक्षेत चहाचा अख्खा कप उपडा झाला. सेवा केंद्राने मदरबोर्ड आणि कीबोर्ड बदलण्याचा जो खर्च सांगितला, तो लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. खरेदीच्या वेळी संरक्षण घेतलेले असल्यामुळे तंत्रज्ञ घरी येऊन दोन्ही भाग बदलून गेला आणि मला एक रुपयाही द्यावा लागला नाही. याला दक्षिणा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

ग्रँटरोडकर: तो सदस्य मीच. आपली कथा वाचून आनंद झाला. परंतु मदरबोर्ड खरोखर बदलण्याची गरज होती काय, हे आपण विचारले नसावे. सेवा केंद्रे दुरुस्ती करत नाहीत, भाग बदलतात. माझ्या भावाच्या लॅपटॉपलाही असेच मदरबोर्डचे अंदाजपत्रक मिळाले होते. चिप लेव्हल काम करणाऱ्या, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला सुटा भाग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, शॉर्ट झालेला एक कपॅसिटर बदलला आणि 1,800 रुपये घेतले. त्याला चार वर्षे झाली आणि लॅपटॉप अजून चालू आहे. केंद्र सरकारने 2022 साली ‘राइट टू रिपेअर’चे, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले, तरी या कारागिरांना बोर्डाचे आराखडे आजही इकडूनतिकडून मिळवावे लागतात, याचा राग मात्र कोणालाच येत नाही.

निवृत्त_हिशेबनीस: एवढी चर्चा कशासाठी, हेच कळत नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये पाणी गेले तेव्हा मी तो दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला आणि नंतर ‘आपोआप बंद पडला’ असे सांगून वॉरंटीत जमा केला. कंपनी आपल्याला खरे सांगते काय?

सोल्डर_आणि_फ्लक्स: मी बारा वर्षे हेच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. अनेक लॅपटॉपच्या आत ओलावा लागताच लाल होणाऱ्या पट्ट्या असतात आणि खोटे बोलल्याने त्या पुन्हा पांढऱ्या होत नाहीत. तांदळाचा तर काडीचाही उपयोग नाही, कारण पाणी उडून गेले तरी चहातली साखर आणि पाण्यातले क्षार बोर्डावरच राहतात आणि गंज वाढत जातो. लगेच चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा आणि काय सांडले ते खरे सांगावे. एका ग्राहकाने कॉफी होती हे दडवल्यामुळे माझ्याकडचे बिघाडाचे निदान तीन दिवस लांबले होते.

निवृत्त_हिशेबनीस: रत्नागिरीच्या पावसाळ्यात भिंतींनासुद्धा पाणी सुटते, तिथे पट्टी लाल झाली तर ग्राहक खोटारडा ठरतो काय? आपण कोणाची वकिली करत आहात?

सोल्डर_आणि_फ्लक्स: साध्या दमटपणाने ती लाल होऊ नये अशीच तिची रचना असते. शिवाय पाणी गेले होते, हे आपणच वर लिहिले आहे. उगाच पावसाळ्याला दोष देऊ नये.

कोर्टाची_पायरी: दोघांनीही आवाज खाली आणावा. दावा अन्यायाने नाकारला गेला, तर नकाराचे कारण लेखी घ्यावे आणि आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. अर्थात, लॅपटॉप नुसताच बंद पडला असे ज्यांनी आधी लिहून दिले असेल, त्यांनी आयोगापुढे काय सांगायचे ते स्वतःच ठरवावे. माझ्या प्रकरणाला दोन वर्षे लागली. निकाल माझ्या बाजूने लागला, पण तोवर मी नवा लॅपटॉप घेतला होता.

निवृत्त_हिशेबनीस: टोमणा पोहोचला. यापुढे खरे सांगेन. तेवढे नकाराचे कारण लेखी देणारे एखादे सेवा केंद्र आपण शोधून द्यावे.

ग्रँटरोडकर: मूळ मुद्द्याकडे येतो. कॉलेजातल्या मुलांसाठी संरक्षण घ्यावे, हे मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु वर्षाला किती दावे चालतात आणि चोरी त्यात धरली आहे काय, हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कागदावर वाचावे. मुदत संपल्यावर मात्र सगळे आमच्याच रस्त्यावर येतात.

सावध_ग्राहक: ‘नाइलाजाने’ का होईना, मान्य केलेत, एवढे पुरे. आपल्या भावाच्या त्या कारागिराचा पत्ता मात्र व्यक्तिगत निरोपाने कळवावा. माझा स्वतःचा लॅपटॉप सहा वर्षांचा आहे आणि कालपासून तो चालू होत नाही.