मदत हवी आहे: पेनसिल्व्हेनियात घेतलेली गाडी, न्यू जर्सीतला सेल्स टॅक्स

राहतो न्यू जर्सीत, गाडी घेतली पेनसिल्व्हेनियातल्या डीलरकडून. वापरलेली, पेट्रोलची, लोन नाही. किंमत २०,००० डॉलर. तिकडचा ६ टक्के टॅक्स, म्हणजे १,२०० डॉलर, बिलातच भरला. आपल्याकडे दर ६.६२५ टक्के. दुसऱ्या राज्यात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट न्यू जर्सीत मिळतं, त्या हिशोबाने फक्त १२५ डॉलर उरायला हवेत. डीलरला विचारलं, तर 'बिल दाखवा, पुरे' एवढंच म्हणाला. माझी खात्री पटत नाही, कारण टॅक्स त्या राज्याकडे जमा झाल्याचा कागद माझ्याकडे नाही. टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) हातात आहे, पण टेंपररी प्लेटची मुदत संपत आलीये. अलीकडे यातून गेलेल्या कुणी सांगाल का: एमव्हीसीत (न्यू जर्सीच्या वाहन नोंदणी कार्यालयात) नुसतं बिल चाललं, की वेगळी टॅक्स पावती मागितली?