आयरिश पूर्वज ग्लासगोत शोधा

१९२२ साली डब्लिनचा दप्तरखाना जळाला म्हणून सासरच्या आयरिश घराण्याचा शोध सोडून दिला, असं तुम्ही लिहिलंत. सोडू नका हो! खापरपणजोबा ग्लासगोत वारले ना? मग आधी त्यांची मृत्युनोंद काढा. स्कॉटलंडमध्ये १८५५पासून सक्तीची नोंदणी आहे आणि मृत्यूच्या नोंदीत आईवडील दोघांचीही नावं विचारली जात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. आयर्लंडच्या मेयो किंवा डोनेगल परगण्यात १८४५च्या मोठ्या दुष्काळाआधी लग्न झालेलं जोडपं असं लेकाच्या ग्लासगोतल्या नोंदीत सापडू शकतं. (माहिती देणारा शेजारीपाजारी असेल, तर त्या नावांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.)

आयर्लंडची १९०१ आणि १९११ची जनगणना शाबूत आहे, ऑनलाइन फुकट बघता येते. १९११च्या फॉर्मवर बाईला मुलं किती झाली आणि किती हयात आहेत, हेही लिहिलंय. ते वाचताना पोटात कालवतं.

सासूबाईंना नुसता वंशवृक्ष पाठवू नका, जनगणनेच्या मूळ पानाचा फोटोही पाठवा. खाली कुटुंबप्रमुखाची सही किंवा सहीऐवजी फुली दिसली, की म्हातारी माणसं आपणहून बोलायला लागतात. वंशवृक्षातून हयात नातेवाइकांच्या जन्मतारखा मात्र आधी काढून टाका.