नाशिकच्या पोरांना टांझानियाला पाठवायला माजी विद्यार्थ्यांनी पैसे द्यावेत का?

गोदाकाठचा (धागाकर्ता)
आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघापुढे एक प्रस्ताव आलाय. शेवटच्या वर्षाच्या सहा मुलांनी दोन महिने टांझानियात राहून तिथल्या कांदा उत्पादकांबरोबर चाळीवर, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडवर, काम करायचं. खर्च अर्धा संघाचा, अर्धा मुलांचा. त्यातून कुणी तिथल्या लोकांना घेऊन छोटा उद्योग उभा केलाच, तर संघ बीजभांडवलही देणार.

मी बाजूने आहे. एरवी मानवतावादी अभियांत्रिकी, म्हणजे गरजू लोकांसाठीचं इंजिनिअरिंग, म्हटलं की श्रीमंत देशातली पोरं येतात, सौरदिवा लावतात, फोटो काढून जातात. इथे उलट आहे. जमिनीपासून उचललेला तळ, खालून नि बाजूंनी खेळती हवा, हे निफाड-लासलगावच्या पोराला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. कांदा टांझानियातही पिकतो आणि सडतो. मतं सांगा.

पेठरोड
साफ विरोध. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया नदीवर टाकलेल्या बल्ल्यांवरून हंडे नेत होत्या, ते फोटो आख्ख्या महाराष्ट्राने पाहिले. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात धो धो कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये बाया विहिरीच्या तळाला उतरून वाटीने पाणी भरतात. एका पोराच्या विमानभाड्यात तिथे उन्हाळाभर काम होईल. एसटी पकडा की.

गोदाकाठचा
काका, शेंद्रीपाड्याचं पुढचंही सांगा ना. २०२२ च्या सुरुवातीला तिथे लोखंडी पूल बसवला आणि त्याच पावसाळ्यात तो पुरात गेला. गाव जवळ असलं म्हणजे काम नीट होतंच असं नाही.

पेठरोड
गेला, पण लगेच बातमी झाली, ओरड झाली. टांझानियातली चाळ पडली तर तुम्हाला कोण कळवणार?

जमाखर्च
भावनेआधी कायदा बघा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च, मिळेल असं प्रस्तावात गृहीत धरलंय. नाही मिळणार. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात, पण भारताबाहेरचा उपक्रम सीएसआरमध्ये धरतच नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अपवाद आहे तो देशाकडून खेळणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. संघ धर्मादाय ट्रस्ट म्हणून नोंदलेला असेल तर बाहेरदेशी केलेल्या खर्चावर करसवलतीचाही प्रश्न येतो, त्याला प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. म्हणजे उरले सभासदांच्या खिशातले पैसे. ते द्यायचे तर खुशाल द्या, पण हे माहीत असू द्या.

अंबडचा यंत्रवाला
मला देशी-परदेशी हा वादच पटत नाही. प्रश्न दुरुस्तीचा आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या प्लेपंपाचं उदाहरण घ्या. मुलांनी चक्रावर खेळायचं आणि त्यावर पाणी चढायचं. कल्पना इतकी गोड की २००६ मध्ये अमेरिकेत १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली. मग कुणीतरी हिशेब मांडला: ठरवलेलं लक्ष्य गाठायचं तर पोरांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल! मोझांबिकमध्ये कितीतरी पंप बंद पडून राहिले. काही ठिकाणी बायाच ते चक्र ढकलत होत्या, आणि वर आधीचा साधा हातपंप काढून टाकलेला.

आता आपल्याकडचं बघा. ओतीव लोखंडाचे जुने हातपंप एका घरापुरते बनवलेले, त्यावर गाव तुटून पडायचं आणि ते मोडायचे. जालना आणि सोलापूरकडे मिशनच्या कामातल्या लोकांनी तिथेच राहून, मोडेल ते बदलत पोलादी पंप घडवला. दांडा एका खिळीवर, आत साखळी, बेअरिंग. युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात त्यातूनच इंडिया मार्क-२ आला आणि पुढे आफ्रिकेत गेला. तरी दुरुस्तीसाठी त्याचा पाइप उपसायला गाडी नि माणसं लागायची, म्हणून नंतर मार्क-३ काढावा लागला. एवढा काळ लागतो, राव. तुमच्या दोन महिन्यांत पोरांना फार तर गावाची तोंडओळख होईल.

परत_नाशकात
दोन महिन्यांना इतकं हसू नका. एम्ब्रेस हे बाळाला ऊब देणारं आवरण स्टॅनफर्डमधल्या चौघा विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या प्रकल्पातून आलं. त्यांच्यातला एकजण नेपाळला गेला तर दवाखान्यात दान आलेले इनक्युबेटर (नाजूक बाळाला उबेत ठेवायच्या पेट्या) पडून, आणि खेड्यातलं बाळ तिथवर पोचतच नाही. ती फेरी झाली नसती तर त्यांनी स्वस्तातला इनक्युबेटरच बनवला असता. मात्र पुढे ही मंडळी भारतात येऊन राहिली, हेही खरं.

आणि २०१५ च्या कुंभमेळ्याआधी कुंभथॉनसाठी, म्हणजे कुंभातल्या अडचणींवर तोडगे शोधायच्या उपक्रमासाठी, अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबची माणसं नाशकात आपल्या पोरांबरोबर बसत होती, तेव्हा "तुमच्या बॉस्टनमध्ये काय अडचणी संपल्या का?" असं कुणी विचारलं नाही.

पेठरोड
त्यात पुढाकार घेणारे रमेश रासकर मूळचे नाशिकचेच. माणूस आपल्या गावात परत आला, त्याला कोण कशाला विचारेल?

शेवटचं_वर्ष
मी कळवणचा, वडील कांदाच करतात. अर्धा खर्च मुलांचा, हे वाक्य परत वाचा. विमान, व्हिसा, विमा धरून तो अर्धाही आमच्या घरी खरीपाच्या भांडवलाएवढा होतो. म्हणजे चाळ माहीत असलेला मागे राहणार आणि शहरातल्या गंगापूर रोडचा, कांदा फक्त ताटात बघितलेला, जाणार. पाठवायचं तर दोघांनाच पाठवा, पण पूर्ण खर्चाने.

गोदाकाठचा
हे मान्य. सहाऐवजी दोन, पूर्ण खर्च संघाचा. उरलेले पैसे तिथल्याच एखाद्या शेतकी कॉलेजच्या मुलांना, चाळीवर पुढची दोन वर्षं लक्ष ठेवण्यासाठी.

अंबडचा यंत्रवाला
मग माझा विरोध अर्धा गेला. चाळ मात्र तिथे मिळेल त्याच लाकडा-बांबूची हवी, इथून एक बोल्टही न्यायचा नाही.

जमाखर्च
तिकडच्या मुलांना पैसे देणं हाही परदेशी खर्चच. रविवारच्या बैठकीआधी सीएला दाखवा.

पेठरोड
माझं मत विरोधातच मोजा. आणि त्याच बैठकीत सुरगाण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे, अनुमोदनाला एक सभासद हवाय.