१.३ डिझेलला टर्बो कुठला? मी व्हीजीटीच्या (हलत्या पात्यांच्या टर्बोच्या) बाजूने, बोला आता

घाटचढ्या
गाडी २०११ची पुंटो, १२४८ सीसी मल्टिजेट, ७६ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). आपल्या रांजणगावचंच इंजिन. दर शनिवारी सातारा, म्हणजे कात्रज आणि खंबाटकी ठरलेलेच. टर्बोचा (इंजिनाच्या धुरावर फिरून आत हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट बोटाने हलवला तर हलतोय, तेलही पितोय. बदलायचाच आहे तर १०५ पीएसपर्यंत जावं असं डोक्यात आलंय.

ज्याला विचारावं तो म्हणतो, "१.६ लिटर इंजिनाचा मोठा टर्बो टाक." माझं मत उलटं, म्हणून हा धागा. हिशोब मांडतो, चुकलो तर कान धरा.

४००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला सुमारे २५०० लिटर हवा ओढतं. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ९० टक्के धरू. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, २.४ बार (वातावरणाचा दाब धरून) आणि इंटरकूलरनंतर (दाबलेली हवा तो थंड करतो) ५० अंश असतील तर ती हवा भरते मिनिटाला ५.८ किलो. फार धूर न काढता २० भाग हवेत १ भाग डिझेल जाळलं तर तासाला १७.४ किलो डिझेल. एका किलोवॅट-तासाला २२५ ग्रॅम लागतात असं धरलं की ७७ किलोवॅट, म्हणजे १०५ पीएस.

आता खाली या. १७५० आरपीएमला, २.२ बारवर, हवा लागते फक्त २.३ किलो. मोठा टर्बो तिथे तेवढा दाब देणारच नाही. ओढूनताणून दिलाच तर कॉम्प्रेसर (टर्बोची हवा दाबणारी बाजू) सर्जमध्ये जाणार, हवा मागे फिरणार, फडफड ऐकू येणार आणि थ्रस्ट बेअरिंगची वाट लागणार. २.३ आणि ५.८ ही दोन्ही टोकं लहान व्हीजीटीच सांभाळू शकतो, कारण त्याची पाती फिरून धुराची वाट लहानमोठी करतात. याच इंजिनाच्या ९३ पीएसवाल्या भावाला कंपनीने तोच दिला होता.

तेलकट हात
हिशोब छान. पण गाडी हिशोबावर चालत नाही, सिंहगड रोडवर चालते. आठवड्याचे पाच दिवस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं. त्या वेळी व्हीजीटीची पाती एकाच जागी बसून राहतात, वर काजळीचा थर चढतो, एक दिवस ती फिरवणारी रिंग जाम. मग तुम्ही घाटात पाय दाबता, पाती उघडत नाहीत, बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) हाताबाहेर जातो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कापून रांगायला लागते. मी वीस वर्षं हेच उघडतोय राव. खरवडून, धुऊन देतो आणि तीच गाडी वर्षाच्या आत परत दारात.

साध्या टर्बोत हलतं काय? शाफ्ट आणि जादा धूर बाजूने सोडणारी वेस्टगेटची एक झडप. टर्बाइनची (धुराने फिरणारी) बाजू आहे तीच ठेवा, कॉम्प्रेसरचं चाक एक माप मोठं घ्या आणि नीट बॅलन्स करून बसवा. २००० च्या खाली थोडा लॅग येईल, म्हणजे बूस्ट उशिरा येईल. तिथे खालचा गिअर टाकायचा, त्यासाठीच दिलाय तो.

घाटचढ्या
काका, पाती जाम होतात ती नुसत्या शहरात फिरणाऱ्या गाड्यांची. घाटात गरम धूर जोरात गेला की काजळी जळते आणि पाती पूर्ण फिरतात. दर शनिवारी व्यायाम होणार त्यांचा.

तेलकट हात
घाट चढायला लागतात किती, दहा-पंधरा मिनिटं? सहा दिवस बैठं काम आणि शनिवारी पर्वती चढली म्हणून कुणाचं पोट गेलेलं पाहिलंय का?

आणि एक विसरताय. टर्बो हवा देतो, ताकद डिझेल देतं. तुमचे १७.४ किलो म्हणजे दर फवाऱ्याला ३६ मिलिग्रॅम. ७६ पीएसला २७च्या आसपास पुरतात. तेवढ्याच नोझलमधून तिसरा हिस्सा जास्त डिझेल ढकलायचं तर फवारा लांबतो, ज्वलन उशिरापर्यंत चालतं आणि धूर पेटता बाहेर पडतो. आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर लावा. क्लचबद्दल तर बोलतच नाही.

दाबमापक
दोघांच्याही हिशोबात पुणं नाही.

आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर राहतो. इथे हवेचा दाब ०.९५ बार, एअर फिल्टरमधून आत येईपर्यंत ०.९२. इंटरकूलरनंतर २.४ हवेत म्हणजे कॉम्प्रेसरने २.५ द्यायला हवेत. बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या दाबाचं गुणोत्तर झालं २.७. मुंबईत हेच काम २.५५ला होतं. मीटरवर आकडा सारखा, पण पुण्यात टर्बो त्यासाठी जास्त वेगाने फिरतो. महाबळेश्वरला दाब ०.८६च्या आसपास, तिथे गुणोत्तर थेट ३. एवढा लहान टर्बो दोन लाखांच्या वर आरपीएमने फिरतो, त्याच्याकडून आणखी काय मागणार? कंपन्या उंचीवर बूस्ट मुद्दाम कमी करतात ते उगाच नाही.

तुम्ही २.२ बारवर थांबा. ९६ पीएस मिळतील. आणि तेव्हा महाबळेश्वरलाही गुणोत्तर २.८च्या आतच राहील, म्हणजे २.४ बारला पुण्यात जेवढा ताण, जवळपास तेवढाच तिथे. ९ पीएससाठी टर्बो जाळायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

व्हीजीटी की साधा, तर मी व्हीजीटीकडे झुकतो. पण वरच्या आरपीएमला लहान टर्बाइन धुराची वाट अडवते, इंजिनाला धूर जोर लावून बाहेर काढावा लागतो. तुमचे २२५ ग्रॅम तिथे टिकणार नाहीत.

नियमावली
कुणीच बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पाहा. मान्यता नसलेल्या प्रत्येक बदलाला कलम १८२अ खाली ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विम्याचं वेगळंच.

घाटचढ्या
मान्य. नाकारत नाही.

बाजूला उभा
एक अनुभव. माझ्या गाडीला एका दुकानात स्वस्तातली कार्ट्रिज (टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगवाला गाभा) टाकली, तेलाचा जुना पाइप तसाच ठेवला. त्यात कार्बन साचलेला. बोरघाटात बेअरिंग गेलं, सील फुटलं आणि इंजिन टर्बोतलं तेल पिऊन पळत सुटलं. किल्ली काढली तरी बंद होईना! मागे पांढऱ्या धुराची भिंत. पाचवा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडला तेव्हा कुठे थांबलं. टर्बो कुठलाही घ्या, पण तेलाचा पाइप आणि त्याचा बँजो बोल्ट (तेल जाणारा पोकळ बोल्ट) नवेच टाका, इंटरकूलर काढून आतलं तेल ओता.

तेलकट हात
+१. अर्धे "खराब निघालेले" टर्बो त्या पाइपने मारलेले असतात.

घाटचढ्या
बरं, २.२ बार आणि ९६ पीएसवर उतरलो. पाइप, बोल्ट, मीटर, सगळं नवं. पण व्हीजीटीच.

दाबमापक
पाती हलवणार कोण? तुमच्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) साध्या टर्बोचा आहे. पाती हलवायला लागणारी विजेवरची झडप (व्हॅक्यूम सोलेनॉइड), त्याचं वायरिंग आणि ९३ पीएसचा ईसीयू आहे का हातात?

घाटचढ्या
नाना पेठेत टर्बो मिळाला. ईसीयू नाही. रविवारी जुना बाजार पालथा घालतो.

तेलकट हात
घाला. तोवर सातारा एसटीने जा. शाफ्ट हलतोय म्हणालात ना.