रविवारची बीपी तपासणी: मशीन कोणतं घ्यायचं?

सुहासकाका (बी-३०२): मंडळी, क्लबहाऊससाठी बीपीचं मशीन घ्यायचं ठरलंय. मनगटावरचं सुटसुटीत वाटतं. तेच मागवू का?

डॉ. मीनल (सी-४०४): काका, दंडावरचंच मागवा. मनगट हृदयाच्या पातळीत धरलं नाही की आकडा चुकतो. आणि पट्टे दोन मापांचे घ्या. मशीनबरोबर येतो तो बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराचा असतो. त्याहून जाड दंडाला तोच ओढूनताणून बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधून पाहिला, तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. म्हणजे १२५ चे थेट १४४-१४५! तेवढ्यावर नको ती गोळी सुरू होऊ शकते.

अनघा (ए-१०१): टेबलावर शिंप्याची टेप ठेवू. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर मोजायचा, मगच पट्टा निवडायचा.

सुहासकाका (बी-३०२): आणि हात कुठे ठेवायचा? मांडीवर चालेल ना?

डॉ. मीनल (सी-४०४): नाही काका, टेबलावरच. हात मांडीवर असला तर वरचा आकडा साधारण ४ ने, नुसता लोंबता असला तर साडेसहाने जास्त येतो. पाठ खुर्चीला टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधू नका. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना चढणं नको. लघवीला जाऊन यायचं, मग ५ मिनिटं गप्प बसायचं. त्या वेळात पार्किंगचा विषय काढू नका, खरंच सांगते, बोलण्यानेही आकडा चढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

प्रदीप (डी-२०५): १४० आलं तर लगेच गोळी?

डॉ. मीनल (सी-४०४): एका दिवसावरून नाही. घरी ७ दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दोन-दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. चालू गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. १८०/१२० च्या वर आलं तर ५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पुन्हा तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं असेल तर थांबू नका, १०८ लावा.

प्रदीप (डी-२०५): सैंधव मीठ खाल्लं की बीपी उतरतं, असा मेसेज फिरतोय.

अनघा (ए-१०१): सैंधवसुद्धा मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, रंग बदलला म्हणून सोडियम जात नाही. शिवाय त्यात आयोडीन बहुधा घातलेलं नसतं. पोटॅशियमवालं मीठ वेगळं. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ७५ टक्के नेहमीचं मीठ, २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड, आणि पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी.

डॉ. मीनल (सी-४०४): पण किडनीचा त्रास असलेल्यांनी, किंवा टेलमिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय आणू नये. रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

अनघा (ए-१०१): आणि माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा कोणत्याही मिठाला. त्यात पापड, लोणचं, फरसाण, वड्यासोबतची तळलेली मिरची, सगळं धरायचं.

सुहासकाका (बी-३०२): ठीक. दंडावरचं मशीन, मोठा पट्टा जादा, टेप, वही. टेबलाशेजारी टेकायच्या ५ खुर्च्या लावतो. चहा तपासणीनंतर.