एका आठवड्यात माणूस मोजणाऱ्यांसाठी

अर्धविराम
काल 'सरळरेषा' यांनी दुसऱ्या धाग्यावर हे लिहिलं: "पाच, दहा, पंधरा आणि वीस वर्षांची शंभर-शंभर मुलं एकाच आठवड्यात तपासा, सरासरी काढा, ठिपके जोडा. झाला विकासाचा आलेख. त्यासाठी वीस वर्षं एकाच पोरामागे वही घेऊन फिरायची गरज नाही. तसंही पाचव्या वर्षी दिसतं तेच पुढे टिकतं." तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते मूळ धाग्यापेक्षा लांबलं. म्हणून इथे.

अहो, ते ठिपके वेगवेगळ्या माणसांचे आहेत. मधली रेघ तुम्ही मारलीत, कुणी त्या रेघेवरून चाललेलं नाही. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये विशीतल्यांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत ५०० जण तपासले. ठिपके जोडल्यावर बुद्धीची घसरण तरुणपणीच सुरू होते असं दिसलं. मग तो दर सात वर्षांनी त्याच माणसांकडे जात राहिला, आणि बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकलेल्या निघाल्या. घसरण बरीचशी वयाची नव्हतीच. म्हातारे आधीच्या काळात जन्मले होते, कमी शिकले होते, बस. एका आठवड्यात तुम्हाला दिसतात त्या पिढ्या, आणि त्यांनाच तुम्ही वय म्हणता.

आणि 'पाचव्या वर्षी दिसतं तेच'? मार्शमॅलोची चाचणी आठवत असेलच: लहान मुलासमोर एक गोड गोळी ठेवायची, थोडा वेळ न खाता थांबलं तर दोन. समोरचं न खाता थांबलेली पोरं पुढे हुशार निघाली, हे दशकानुदशकं सगळ्यांनी गिरवलं. २०१८ साली ९०० हून अधिक मुलांवर तोच संबंध तपासला तेव्हा तो मूळच्या निम्माच भरला. घरची परिस्थिती आणि सुरुवातीची समज हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळाला.

सरळरेषा
माझं नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभार. एवढी प्रसिद्धी घरच्यांनीही दिली नव्हती.

आता तुमच्या लाडक्या दीर्घ अभ्यासांबद्दल. हार्वर्डचा १९३८ पासूनचा घ्या. २६८ विद्यार्थी, सगळे पुरुष, सगळे एकाच विद्यापीठातले, आणि त्यावरून जगाला 'सुखी आयुष्य' शिकवायचं. लांब अभ्यासात माणसं गळतात, आणि गळतात ती आजारी, अस्थिर, वैतागलेली. शेवटी उरतात गुणी बाळं. शिवाय तीच चाचणी पाचव्यांदा सोडवली की आजोबासुद्धा पटाईत होतात. तुमचा शाय यातून सुटतो का?

अर्धविराम
बऱ्यापैकी सुटतो. दर फेरीला तो नवीन माणसंही घ्यायचा, नेमकी ही गळती आणि सराव पकडायला. आणि गळतीचंच म्हणाल तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेली १०३७ मुलं घेतली होती. पंचेचाळिशीत, हयात असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त तपासणीला आली. प्रयत्न केला तर माणसं धरून ठेवता येतात.

सरळरेषा
एक गाव, एक साल. पुन्हा तेच! माझ्या आठवड्यात निदान चार पिढ्या असतात, तुमच्या पन्नास वर्षांत एकच.

आकडेमोड्या
दोघंही अर्धे बरोबर आहात, म्हणजे पूर्ण भांडणार. वय म्हणजे चालू साल वजा जन्मसाल. तीनपैकी दोन धरलीत की तिसरं आपोआप ठरतं. त्यामुळे वयाचा परिणाम, पिढीचा परिणाम आणि काळाचा परिणाम नुसत्या आकड्यांनी वेगळे काढताच येत नाहीत. कुठेतरी बाहेरून गृहीतक घालावं लागतं. ते कोणतं घातलं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

शेवटचा बाक
वय, पिढी, काळ सोडा हो. मला सातव्या वर्षी शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'एकलकोंडा' असा शेरा मिळाला. एका दुपारी, एका बाईंनी, एकदा बघून. पुढच्या प्रत्येक शिक्षकाने आधी तो शेरा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. दहावीपर्यंत मी खरंच एकलकोंडा झालो होतो. याला कोणता आलेख म्हणतात? सरळरेषांच्या आठवड्यात मी ठिपका क्रमांक ४७ असेन. आणि मला स्वच्छ आठवतंय की त्या शेऱ्याआधी मी चांगला बडबड्या होतो.

सरळरेषा
वाईट वाटलं. पण 'स्वच्छ आठवतंय' हा पुरावा नव्हे. डॅनियल ऑफर या मानसोपचारतज्ज्ञांनी चौदा वर्षांच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतल्या ६७ जणांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विचारलं की चौदाव्या वर्षी घरात कसं वाटायचं, आईवडील कसे वागायचे. उत्तरं जुन्या उत्तरांशी जुळण्याचं प्रमाण नाणं उडवल्यासारखं.

शेवटचा बाक
माझ्या आयुष्याबद्दल माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहिती. वा!

अर्धविराम
बाक, रागावू नका, पण गंमत बघा. चौदाव्या वर्षीची मुलाखत कुणीतरी चौतीस वर्षं जपली होती म्हणूनच हा दाखला देता आला. सरळरेषांनी माझ्याच बाजूचा पुरावा आणून दिलाय.

सरळरेषा
घ्या, वापरा. पावती नको.

जुळ्यांचीआई
एवढ्या विद्वानांत बोलू का? माझी दोन्ही पोरं सात मिनिटांच्या अंतराने जन्मली. तेच घर, तीच आई, तेच साल. एक अकराव्या महिन्यात चालला, दुसरी चौदाव्यात. फोनमधलं ते ॲप मला रोज विचारायचं, 'बाळ चालतं का?' आणि 'नाही' दाबलं की लाल खूण. तीन महिने मी लाल खुणेकडे बघत रडले. वय वय करता, एकाच वयाचे दोन नमुने माझ्या मांडीवर होते. बाळाने कधी काय करावं ते ठरवणाऱ्या त्या तक्त्यांवर कुणीतरी केस करायला हवी.

थंड डोकं
तक्त्यांचा दोष नाही. लवकर धोका ओळखायलाच असतात ते. माझ्या भाचीचं ऐकू न येणं तशाच यादीमुळे वेळेत कळलं. शिवीगाळ करण्याआधी जरा विचार करा.

जुळ्यांचीआई
शिवी कुठे दिली? ऐकण्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. चालण्याबद्दल बोलतेय.

अर्धविराम
ताई, तुम्ही अवांतर समजून लिहिलंत, पण मूळ मुद्दा हाच आहे. 'अकराव्या महिन्यात चालला' म्हणजे नक्की काय? बाळांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या कॅरन ॲडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी ११ बाळांच्या आईवडिलांकडून रोजच्या रोज नोंदी घेतल्या, ३२ हालचालींच्या. २००८ साली छापलंय. बहुतेक हालचाली आज दिसल्या, उद्या गायब, परवा परत, असं करत करत पक्क्या झाल्या. त्याच नोंदींतला महिन्याचा एकेकच दिवस ठेवला, तर सुबक पायरी दिसते: काल नव्हतं, आज आहे. ही पायरी बाळाने चढलेली नसते. महिन्यातून एकदाच डोकावलं की ती दिसते.

थंड डोकं
म्हणजे रोज मोजायचं? ते ॲप तेच तर विचारत होतं!

अर्धविराम
ॲप रोज विचारून उत्तर एकाच खणात कोंबतं. चाललं किंवा नाही चाललं.

आकडेमोड्या
उंचीचंही तसंच. १९९२ साली मिशेल लँपल या संशोधिकेने ३१ बाळं मोजली, काही तर रोज. ९० ते ९५ टक्के दिवस वाढ शून्य, मग अचानक अर्धा ते अडीच सेंटिमीटरची उडी. दवाखान्यातली गुळगुळीत रेघ मधल्या न मोजलेल्या दिवसांवरून ओढलेली.

सरळरेषा
अर्धा सेंटिमीटर हा वळवळणाऱ्या बाळाला मोजताना होणाऱ्या चुकीइतकाच असतो. लँपलवर तेव्हाही हाच आक्षेप घेतला होता.

आकडेमोड्या
घेतला होता, मान्य. म्हणून तर तिने तेच माप पुन्हा पुन्हा घेऊन चूक किती ते आधी काढलं होतं.

शेवटचा बाक
माझ्या शेऱ्यावर बाळं रांगू लागली. छान.

अर्धविराम
बाक, तुमचंच पुढे नेतो. तोच फटका कोणत्या वयात बसला यावर बरंच ठरतं. १९३० च्या दशकातल्या महामंदीत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची १९२०-२१ साली जन्मलेली मुलं मोठी होती, घरच्या कामाला हातभार लावू शकत होती. बर्कलीची १९२८-२९ ची अगदी लहान होती. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने दोन्ही गट ताडून पाहिले, तर लहान वयात सापडलेल्या मुलग्यांना जास्त झळ बसलेली दिसली. तुमचा शेरा सातऐवजी सतराव्या वर्षी आला असता तर तुम्ही बाईंना हसला असता.

शेवटचा बाक
सतराव्या वर्षीही हसलो नसतो. पण ठीक. हे पटलं, नाइलाजाने.

सरळरेषा
बरं. दोन गट दोन वयांत ताडणं मला चालतं, ते माझ्या आठवड्याच्या जवळचंच आहे. आणि 'पाचव्या वर्षी तेच' हे मी घाईत लिहिलं, मागे घेतो. पण पैशाचं काय? संशोधकाला तीन वर्षांत प्रबंध द्यायचा असतो. पंधरा वर्षांनी काय दिसेल त्यावर कोण पदवी देणार? मी स्वतः तसा विषय घेऊन गेलो होतो. मार्गदर्शक म्हणाले, "तुझी मुलं मोठी होईपर्यंत मी निवृत्त." आठवड्याचा हट्ट मला हौसेने सुचलेला नाही.

अर्धविराम
हे आधी लिहिलं असतंत तर मी धागाच काढला नसता. बरं, काढला असता, पण आखूड.

सरळरेषा
जुळ्यांचीआई, तुमच्याकडे रोजच्या नोंदी आहेत का? ॲपच्या नकोत.

जुळ्यांचीआई
फ्रिजवर कॅलेंडर होतं. चालली त्या दिवशी फुली. मुलीची फुली ३ तारखेला, मग ४ ते ९ कोरं, १० आणि ११ ला फुली, १२ कोरा, १३ ला फुली, मग १७ पर्यंत कोरं, १८ पासून रोज. फोटो मागू नका, मागे किराण्याची यादी आहे.

थंड डोकं
मग ॲपमध्ये पहिलं पाऊल कोणत्या तारखेला टाकलंत? ३, १० की १८?

जुळ्यांचीआई
१३. त्या दिवशी सासूबाई समोर होत्या.